केनवडच्या शिवारात वळलेली लाइन

वाशीम जिल्ह्यातील तमाम नागरिक, शेतकरी बंधू-भगिनी, पिठाच्या गिरणीचे मालक, वेल्डिंगवाले आणि संध्याकाळच्या मालिकांचे रसिक प्रेक्षक यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपण सर्वजण उठता-बसता जो ‘लाइन’ हा शब्द उच्चारता, तो इंग्रजांच्या बापाचा नाही. तो जवसाचा आहे. होय, तेच जवस, ज्याची चटणी आज दुपारी तुम्ही भाकरीवर तेलाची धार सोडून खाल्ली. सदर बाब अतिशय गंभीर असून तिची नोंद सर्वांनी घ्यावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी नाही.

अशी सूचना देण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. मी लाइनमन आहे, आणि माझी निम्मी नोकरी सूचना देण्यात गेली. ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरायचं आणि उद्या दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहील असं ओरडायचं, हे काम आमच्या कचेरीत कोणालाच नको असे. मला मात्र ते फार आवडे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राजा व्हायचो; त्यानंतर हातात माईक आला तो थेट कंपनीच्या ऑटोत. मी ती सूचना अशी काही द्यायचो की बायका पदर डोळ्यांना लावून विचारायच्या, “कोण गेलं हो?” मी म्हणायचो, “लाइन. उद्या सकाळी जाणार आहे.”

बाहेरच्या माणसाला वाटतं, लाइनमन म्हणजे खांबावर चढणारा माणूस. ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्या वेळात लाइनमन खांबाखाली उभा राहून बोलणी खातो. आमच्याकडे ‘वीज’ हा शब्द आभाळातल्या विजेसाठी आणि बिलावर छापण्यासाठी राखून ठेवलेला आहे. घरात येते ती लाइन. ती येते, जाते, कमी होते, झपझप करते, रुसते. तिच्या वतीने सगळे जाब मला विचारले जातात, जणू काही मी तिचा भाऊ आहे आणि ती सासरी नांदत नाही.

पण हा एवढाच एक अर्थ असता तर माझं आयुष्य सुखाचं झालं असतं. मी शेलूबाजारला होतो तेव्हाची गोष्ट. चौकात जीपवाल्यांच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या असतात, आणि पुढची गाडी भरल्याशिवाय मागच्याने सवारी घ्यायची नाही असा त्यांचा कायदा आहे. एका दुपारी मी हॉटेलात चहाचा पहिला घोट घेतला आणि चौकातून आरडाओरडा आला, “लाइन तोडली! लाइन तोडली!” मी पक्कड उपसून धावलो. “लांब व्हा! कोणी हात लावू नका!” असं ओरडत थेट गर्दीत घुसलो. तिथे दोन जीपवाले एकमेकांची कॉलर धरून उभे होते. माझ्या हातातली भलीमोठी पक्कड पाहून दोघांनीही कॉलर सोडल्या. भांडण जागच्या जागी मिटलं. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याकडून जीपचं भाडं घेत नव्हते.

रिसोडच्या बाजारात एक आडत्या मला पहिल्याच भेटीत म्हणाला, “तुमची लाइन कोणती?” मी म्हटलं, “अकरा हजार व्होल्टची.” तो म्हणाला, “आमची सोयाबीनची.” बायकोसोबत शिंप्याकडे गेलो तर त्याने मलाच विचारलं, ब्लाऊजला लाइनिंग लावायचं का? पोरगं सुधारलं की ते लाइनीवर येतं, आणि बिघडलं की लाइन मारतं. आणि हल्ली तर काय, शेतकरी सकाळी दाखला ऑनलाइन करायला जातो, तिथे लाइन लावतो, त्याचा नंबर येतो आणि लाइन जाते. मग तो मला फोन करतो. या एका माणसाच्या एका सकाळीत हा शब्द किती वेळा कामाला आला ते बघा. आमच्या कचेरीतल्या कोणत्याही माणसापेक्षा त्याने जास्त काम केलं.

माझी मुलगी मयूरी वाशीमला कॉलेजात इंग्रजी शिकते. एकदा जेवताना मी तिला म्हटलं, “तुझ्या त्या इंग्रजांपाशी शब्दांचा दुष्काळ होता काय गं? एकाच शब्दाला सगळीकडे जुंपलंय.” तिने मोबाइलवर शब्दकोश उघडला, आणि वाचता वाचता तिचा घास हातातच राहिला. लॅटिन भाषेत ‘लिनम’ म्हणजे जवस. जवसाच्या काडीतून धागा निघतो, त्या धाग्याला म्हणायचे ‘लिनिया’. सरळ रेघ मारायची तर हा धागा ताणून धरायचे. म्हणून रेघ ती लाइन. मग रांग ती लाइन, ओळ ती लाइन, तार ती लाइन. कपड्याला आतून जवसाच्या धाग्याचं कापड लावायचे, म्हणून शिंप्याचं लाइनिंग. म्हणजे तो शिंपी, तो आडत्या, ते जीपवाले आणि मी, आम्ही सगळे एकाच वावरातून निघालो होतो. मी ताटातली जवसाची चटणी बघितली आणि तिला मनातल्या मनात नमस्कार केला. ती माझी मूळ कंपनी होती.

हे ज्ञान मी ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांपैकी बहुतेकांनी मला पाणी प्यायला दिलं. नीट उत्तर दिलं ते फक्त केनवडच्या गयामावशीनं. गयामावशी म्हणजे साठी उलटलेली, काटक, एकटी राहणारी बाई. गावाच्या कडेला तिची थोडी जमीन, तिच्यात हरभरा, आणि हरभऱ्याच्या कडेने जवसाचे तास, म्हणजे ओळी. बाजाराच्या दिवशी ती जवसाची चटणी विकायची. माझं सगळं ऐकून ती म्हणाली, “म्हंजे आमचं जवस नेलं इंग्रजायनं, अन् बदल्यात लाइन पाठोली?”

“तसंच म्हण, मावशी.”

“मंग सांग त्यायले, जवस वापस द्या. ही लाइन काय टिकून नाही राह्यली.”

आता मी ज्या भानगडीबद्दल लिहायला बसलो आहे ती याच मावशीची. तिला सरकारी घरकुल मंजूर झालं होतं. टिनाच्या खोलीत अर्धा जन्म काढलेली बाई. तिच्यासाठी ते घर म्हणजे काय होतं ते मी वेगळं सांगत नाही. वावराच्या रस्त्याकडच्या तोंडाशी तिने जागा साफ करून ठेवली होती. अट एकच होती, की पावसाळ्याआधी पाया भरला पाहिजे. नाहीतर यादीतला पुढचा माणूस वाटच बघत होता.

त्याच वर्षी केनवडच्या शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारींसाठी नवी उच्चदाबाची लाइन टाकायचं काम आमच्याकडे आलं. वाचकांना सांगतो, खांब कुठे गाडायचा हे ठरवायची आमची रीत फार साधी आहे. दोन टोकं ठरलेली असतात. एका टोकाला मी एक डोळा मिटून उभा राहतो, पुढे एकजण झेंडी लावलेला बांबू धरून चालतो, आणि मी ओरडतो, “उजवीकडं! अजून! अबे इतका नाही! बस!” बांबू जिथे थांबेल तिथे एक गोटा रोवायचा आणि त्याला तांबडा रंग फासायचा. हा रंग म्हणजे लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावतात तो. आमच्या स्टोअरमध्ये त्याला कमी नाही.

त्या दिवशी बांबू सरळ रेषेत चालत चालत थांबला तो गयामावशीच्या साफ केलेल्या जागेच्या बरोबर मध्यावर.

मी “बस” म्हणालो, गोटा रोवून रंगवला आणि खुणेला झेंडीही तिथेच खोचली. उच्चदाबाच्या तारेखाली घर बांधता येत नाही. इथे तर तारच काय, खांबच घरात येत होता. मावशी धावत आली. “सुधाभाऊ, हे काय करून राह्यला तू? इथं माह्यं सैपाकघर हाय!”

तिथे काहीच नव्हतं. चुन्याच्या चार रेघा होत्या. पण तिने हात असा केला की मला चूलसुद्धा दिसली.

आमचे ज्युनिअर साहेब नवे होते, तरुण, कोल्हापूरकडचे, हुशार आणि मनाने चांगले. ते म्हणाले, “काका, मला वाईट वाटतंय. पण मंजूर नकाशात ही मोकळी जागा आहे. आणि लाइन म्हणजे सरळच जायला हवी ना?”

एवढी सुरेख संधी मी सोडतो काय? मी पक्कड खाली ठेवली, घसा साफ केला, आणि भर वावरात काढणीनंतर राहिलेलं मावशीच्या जवसाचं एक वाळकं झाड उपटून साहेबांसमोर धरलं. म्हटलं, “साहेब, लाइन म्हणजे हे. हा धागा आहे. ताणून धरला तर सरळ राहतो, नाहीतर खुंटीला वळसा घालून जातो. सरळ जायचं हे नंतर लोकांनी त्याच्या माथी मारलं.” मग लॅटिन काढलं. मग शिंपी काढला. साहेब आधी हसले, मग ऐकू लागले, मग त्यांनी ते झाड खिशात घातलं आणि म्हणाले, “काका, थोडा बाक देणं माझ्या अधिकारात बसतं. देऊ बाक. पण वळणाच्या खांबाला स्टे लागतो. तो कुठं ठोकणार?”

इथे दोन ओळी समजून घ्या. तारा सरळ असतील तर खांबाला दोन्हीकडून सारखी ओढ बसते आणि तो सुखाने उभा राहतो. लाइन वळली की दोन्हीकडच्या तारा मिळून त्याला वळणाच्या आतल्या बाजूला ओढतात. मग बाहेरच्या बाजूने एक तार जमिनीत घट्ट रोवून त्याला मागे खेचून धरावं लागतं. तो स्टे. माणसाचंही असंच आहे. जो सरळ जातो त्याला कोणी धरावं लागत नाही. आमचा वळणाचा खांब मावशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसला असता, पण स्टे पडत होता पलीकडे, मोतीशेठच्या वावराच्या कोपऱ्यात.

मोतीशेठ रिसोडचे किराणा व्यापारी. जैन माणूस, बोलायला गोड, आणि ‘नाही’ म्हणायला त्याहून गोड. मी दुकानात जाऊन म्हटलं, “शेठ, तुमच्या वावरात एक स्टे लागतो.” त्यांचा हात गुळाच्या ढेपेवरच थबकला. “स्टे? कोणत्या कोर्टाचा?” त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “अरे भाई, एक बार खुंटी ठोकली की ती जागा सरकारची. ट्रॅक्टर वळते तिथं माह्यं. गयाबाईचं घर झालं पाह्यजे, मलेही वाटते. पण माह्या कोपऱ्यातून कायले?” आणि मला शेंगदाण्याची चिक्की दिली. चिक्की चांगली होती.

आता जे घडलं ते आमच्याच मुलखात घडू शकतं.

पुढच्या सोमवारी मी साहेबांसोबत पुन्हा जागा पाहायला गेलो, तर मी रंगवलेल्या गोट्यापुढे नारळ फोडलेला होता. अगरबत्तीची राख होती. झेंडूची दोन फुलं होती. तांबडा गोटा, वर झेंडी. येणाऱ्या-जाणाऱ्याने जे समजायचं ते समजून हात जोडले होते. शुक्रवारपर्यंत नारळांच्या करवंट्या टोपलीभर झाल्या. एकीची शेळी चरायला लागली, म्हणजे देव तिला पावला; एकाच्या बोअरला पाणी लागलं, म्हणजे त्यालाही पावला. म्हातारे म्हणाले म्हसोबा आहे. काही म्हणाले नाही, शिवेवरचा जुना देव वर आलाय.

मी मावशीला बाजूला घेतलं. “मावशी, तो माह्या हातचा गोटा हाय. कंपनीचा रंग हाय तो.”

“मले काय माहीत नाही का? माह्या डोळ्यापुढं रंगोला तू. पण नारळ फुटल्यावर तो तुह्या हातचा राह्यते का, सांग बरं?”

मी गोट्यावरची झेंडी सरळ केली आणि निघालो.

मावशी खूश होती. देवाच्या जागी खांब गाडायला कोणता मजूर कुदळ उचलणार? तिने गोट्याभोवती शेण सारवलं, सडा घातला. साहेबांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग दोन दिवसांनी रहीमभाई मिस्त्री पाया आखायला आले. ते मिस्त्री लोकांची सुताची दोरी घेऊन बसले, चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि ती नेमकी गोट्यापाशी येऊन अडली. रहीमभाईंनी दोरी हळूच गुंडाळली.

“मावशी, मेरे से नै होता. भगवान की जगा पे कुदाल मारनेवाला मैं कौन? लोगां क्या बोलेंगे?”

“अरे रहीम, तो लाइनमनचा गोटा हाय रे!”

“कल तक तुमीच तो सारवन कर रे थे.”

खांबापासून वाचलेली जागा देवाने घेतली होती. घर बाजूला सरकवावं तर एकीकडे विहीर आणि दुसरीकडे रस्ता. जेठ महिना तोंडावर आला होता. त्या दिवशी तिने चटणीचा बाजारही केला नाही. चटणीची टोपली तशीच झाकून ठेवली. ते बघणं खांबावर चढण्यापेक्षा अवघड होतं. ती एवढंच म्हणाली, “देवाले म्हणू तरी कसं, की ऊठ म्हणून? त्याले तरी कुठं घर हाय?”

शेवटी रविवारी गावातली चार मोठी माणसं, साहेब, रहीमभाई, मावशी आणि मी, असे सगळे त्या गोट्याभोवती जमलो. मोतीशेठही आले होते, कारण त्यांच्या वावरातला उन्हाळी भुईमूग काढणीला आला होता आणि दर्शनाची गर्दी तिथूनच वाट काढत होती. म्हातारे म्हणाले, देवाला उठवता येतं, पण त्याला जागा मानाची पाहिजे. शिवेवरचा देव शिवेवरच बसतो. म्हणजे धुऱ्यावर. धुऱ्याचं टोक कुठे येतं? मोतीशेठच्या कोपऱ्यापाशी.

सगळ्या माना शेठकडे वळल्या. शेठनी टोपी काढून डोकं पुसलं. “देवाले मी कोण नाही म्हणनारा? पण पहिलेच सांगतो, कोंबडं-बकरं काही नाही. नारळावर राजी असंल तर बसू द्या.” म्हाताऱ्यांनी देवाच्या वतीने ते लगेच कबूल केलं. मग शेठमधला व्यापारी जागा झाला. “पण माह्या भुईमुगाचं काय? लोक असेच तुडवत येतील.”

मी हळूच म्हटलं, “स्टेच्या तारेला आम्ही काटेरी तारेचं कुंपण घालतो, शेठ. गुरं-माणसं अडतात त्यानं.”

मी एवढंच बोललो. माझ्या सबंध कारकिर्दीतलं सर्वांत छोटं भाषण. शेठनी कोपऱ्याकडे पाहिलं, धुऱ्याकडे पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी मांडलं आणि म्हणाले, “मंग असं करा, देव धुऱ्याच्या टोकाले आणि तुमचा तो स्टे आतल्या बाजूले. कुंपण दोघायच्या मधून घ्या. माह्यं वावर अडायचं तर एकदाच अडलं पाह्यजे.”

साहेब चटकन चालत मोजायला निघाले. मावशी उठून उभी राहिली.

आता प्रश्न उरला, गोटा उचलायचा कोणी? कोणी पुढे येईना. म्हातारे म्हणाले, “ज्यानं बसवला त्यानंच उठवावा.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला नाटक करता येत नाही. आमच्या कामात परमिट नावाची चीज आहे. लाइनवर हात टाकण्याआधी उपकेंद्रात फोन करून ती बंद करायची, आणि ज्याच्या तोंडून बंद झाली त्याच्याच तोंडून ती पुन्हा चालू होणार. मध्ये दुसऱ्या कोणाचा शब्द चालत नाही. माझ्या जोडीचा लाइनमन नामदेव एकदा “बंद आहे म्हणे” एवढ्यावर चढला आणि जिवंत उतरला नाही. ते ‘म्हणे’ कोणाचं होतं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही. घरातला साधा बल्बसुद्धा बायकोला विचारून काढतो.

म्हणून मी त्या गोट्यापुढे हातमोजे काढून बसलो आणि उपकेंद्राशी बोलतो तसं मोठ्याने बोललो. “नमस्कार. लाइनमन सुधाकर बोलतो, केनवडहून. इथून धुऱ्याच्या टोकापर्यंत काम आहे. परमिट पाहिजे. काम झाल्यावर मीच येऊन सांगीन.” लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. वारा पडला होता. शेजारच्या बाभळीवरून एक होला उडाला, आणि म्हातारे म्हणाले, “मिळालं.”

मी गोटा उचलला. मी रोवला तेव्हा तो हलका होता, याची मला खात्री आहे. धुऱ्यापर्यंत नेताना दोनदा थांबावं लागलं. रहीमभाईंनी मध्येच खालून हात लावला आणि म्हाताऱ्यांनी बाजूला होऊन वाट दिली. टोकाशी मांडला, मावशीने पाणी घातलं, शेठनी दुकानातून आणलेला नारळ फुटला. मी पुन्हा बसलो आणि सांगितलं, “काम पूर्ण झालं. माणसं बाजूला आहेत. परमिट परत.”

वळणाचा खांब आणि स्टे पुढच्याच आठवड्यात उभे राहिले. पाऊस पडायच्या आत मावशीचा पाया भरला, आणि दिवाळीच्या आधी भिंती स्लॅबच्या उंचीला आल्या. देव अजून धुऱ्यावरच आहे. मला मात्र एक खंत आहे, आणि ती या अंकाच्या वाचकांपुढे मांडतो: त्या स्टेला लोक शेळ्या बांधतात. मी जाऊन सोडतो, ते पुन्हा बांधतात. कृपया स्टेला शेळी बांधू नका. तिच्या जिवाला धोका आहे, आणि पाठोपाठ माझ्या नोकरीलाही.

आता शेवटचा अंक. लाइन सुरू होण्याआधी वरून मोठे साहेब तपासणीला आले. आमच्या कचेरीत आदल्या दिवसापासून धावपळ होती. मोठे साहेब फार कडक, असं सगळे सांगत होते; लाइन आवडली नाही तर उखडून सरळ करायला लावतील, असंही कोणीतरी बोललं. ते बोलणं केनवडपर्यंत पोहोचलं. मावशी सकाळपासून आपल्या अर्धवट भिंतींच्या सावलीत बसून होती. मी तिला म्हटलं, “तू बोलू नको मावशी, आम्ही बोलतो.”

आम्ही तयारीत होतो. ज्युनिअर साहेबांनी नकाशावर वळणाच्या कोनाचं गणित मांडलं होतं. विहिरीजवळची माती भुसभुशीत आहे, खांब तिथे धरला नसता, असं एक शास्त्रीय कारण त्यांच्या खिशात होतं. मोतीशेठ जमीनमालक म्हणून हजर होते, आपली संमती तोंडी सांगायला. गावातली म्हातारी माणसं देवाची बाजू मांडणार होती. आणि सगळ्यात शेवटी, सगळं अपयशी ठरलं तर, मी होतो. जवस, लॅटिन, धागा आणि शिंपी या क्रमाने. त्यासाठी मी मावशीच्या घरून वाळलेल्या जवसाची एक पेंढी मागवून घेतली होती आणि ती पाठीमागे धरून उभा होतो.

मोठे साहेब आले. गाडीतून उतरले. एका टोकाला उभे राहिले आणि, कौतुक वाटलं मला, त्यांनी एक डोळा मिटला. खांबामागून खांब त्यांची नजर सरळ चालत गेली आणि मावशीच्या धुऱ्यावर येऊन अडखळली. दुसरा डोळा उघडला. कपाळाला आठ्या पडल्या.

“ही लाइन इथं का वळवली?”

ज्युनिअर साहेबांनी नकाशा उलगडायला घेतला. तो उलटा उघडला. शेठनी टोपी काढली. म्हाताऱ्यांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. मी जवसाची पेंढी पुढे आणून घसा साफ करणार, एवढ्यात मागून, भिंतीच्या अर्ध्या खिडकीतून, माझी सगळी ताकीद विसरून गयामावशी ओरडली,

“सायेब, मधात माह्यं घर हाय न!”